अंगठ्याचं नख दाबून बघणारा दवाखाना

आधी जिना सांगते, कारण तो कुणीच सांगत नाही. २२ पायऱ्या, लिफ्ट नाही, कठडा फक्त डाव्या हाताला आणि तोही वरच्या वळणावर सुटलेला. जिथं येणाऱ्या दहातल्या नऊ बायकांचं अंग ठणकत असतं, तो दवाखाना पहिल्या मजल्यावर का, हे मी तिथं सगळ्यांना विचारून बघितलं. "खालचं भाडं परवडत नाही," असं उत्तर मिळालं. निदान खरं तरी बोलले.

दवाखान्याचं नाव लिहिणार नाही. वाईट लिहिलं की आमच्या ह्यांना फोन येतात आणि चांगलं लिहिलं की पैसे घेऊन लिहिलं म्हणतात. दोन्हीचा अनुभव घेऊन झालाय. सोलापुरातच आहे, गुरुवारी चालतो. फिजिओ मुलगी इथलीच, ती दर गुरुवारी असते. संधिवाताच्या डॉक्टरबाई पुण्याहून येतात, महिन्याचा पहिला आणि तिसरा गुरुवार. फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दुखत राहण्याचा आजार, असलेल्या माझ्यासारख्या बायकांसाठी आठ आठवड्यांचा वर्ग आहे. तो मी पूर्ण केला, त्याला आता पाच महिने झाले. दवाखान्याला माझे गुण पाचपैकी साडेतीन. दीड कुठं गेला ते येईलच.

मी ४७ वर्षांची. अशोक चौकाच्या पुढं घर, आणि पुढच्या खोलीत तीन मशिनी. शाळेचे युनिफॉर्म शिवते. कटिंग झालेले गठ्ठे येतात, मी आणि दोघी-तिघी बायका मिळून कॉलर, कफ, काज-बटण करून परत देतो. मार्च ते जून मान वर करायला सवड नसते. दुखणं सुरू झालं तेही मानेपासूनच, म्हणून दोन वर्षं मीसुद्धा मशिनीलाच दोष देत बसले. मग खांदे धरले. मग कंबर, मांड्या, आणि एके दिवशी उजवा जबडा. जबड्याने काय शिवलं होतं? दुखणं एका जागी राहील तर शपथ. आज इथं, उद्या तिथं, आणि सकाळी उठताना रात्रभर कुणी तुडवल्यासारखं सगळीकडे.

पुढं पुढं दुखण्याच्या पलीकडचं सुरू झालं. बांगड्या जड वाटायला लागल्या. काचेच्याच, चार-चार. कुकरची शिट्टी कानात वाजायच्या ऐवजी मानेत वाजायची. ट्यूबलाइट डोळ्यांत घुसायची. गठ्ठा मोजताना ६२च्या पुढं काय येतं ते आठवेना. एकदा काजं करायच्या आधी ४० शर्टांना बटणं लावून मोकळी झाले. त्यावर आमच्याकडच्या बायका अजून हसतात. एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. मुलीला मागून येऊन गळ्यात पडायची सवय, आणि ती पडली की मी कळवळून ओरडायचे. ती हळूहळू यायची बंद झाली.

सात वर्षांत किती दवाखाने केले ते सांगत नाही, फाइल दोन किलोची आहे. थायरॉइड, साखर, ड जीवनसत्त्व, संधिवाताच्या रक्ताच्या तपासण्या, कमरेचा एमआरआय. दरवेळी "सगळं नॉर्मल आहे" किंवा "वयानुसार थोडी झीज आहे". दरवेळी निरोपाला एकच वाक्य, "टेन्शन घेऊ नका." पाच डॉक्टरांनी हेच सांगितलं. सहाव्याने "घरात काही आहे का?" असं विचारलं आणि माझ्याकडे न बघता ह्यांच्याकडे बघितलं. सासूबाई म्हणायच्या, "आम्ही दिवसाला हजार विड्या वळल्या, पाटी मांडीवर घेऊन. आम्हाला नाही ते दुखायलं." त्यांचं खोटं नाही. हजार विड्यांचा हिशेब घालूनच त्यांनी घर उभं केलंय. पण त्यामुळे माझं दुखायचं थांबत नव्हतं. आणि एकाने चुंबकाची गादी गळ्यात मारली, ३८,००० रुपये, हप्त्याने. सध्या तिच्यावर सासूबाई झोपतात. त्यांना झोप छान लागते.

आता या दवाखान्याचं.

पहिल्या दिवशी एक तास पन्नास मिनिटं बसवलं. लोखंडी बाक, आणि समोर टीव्ही मोठ्याने. बातम्या, त्यातही भांडणाऱ्या. आवाज सहन होत नाही म्हणून जिथं माणसं येतात, तिथं हे. मी उठून रिसेप्शनवरच्या पोरीला म्हटलं, "बाळ, बारीक कर की गं." तिने केला. पाच मिनिटांनी कुणीतरी परत मोठा केला. अर्धा गुण तिथंच कापला.

आत गेल्यावर मात्र बाईंनी फाइल उघडलीच नाही. एक कागद दिला. त्यावर माणसाचं चित्र, पुढून आणि मागून, आणि शरीराच्या १९ जागा. गेल्या आठवड्यात जिथं दुखलं तिथं खूण करायची. मी १४ केल्या. मग दुसरा भाग : थकवा किती, झोपून उठल्यावर ताजं वाटतं का, आठवण-लक्ष कसं आहे, डोकं-पोट दुखतं का, मन खचलंय का. त्याचे बारापैकी गुण, मला ९ मिळाले. शाळेत कधी इतके मिळाले नव्हते. पहिले किमान ७ आणि दुसरे किमान ५ असतील, दुखणं तीन महिन्यांहून जुनं असेल आणि अंगभर असेल, तर फायब्रोमायल्जिया म्हणतात. जुन्या पद्धतीत, म्हणजे १९९०च्या नियमांत, अंगावरच्या १८ ठरावीक जागा बोटाने दाबून बघायचे आणि त्यातल्या ११ दुखल्या पाहिजेत असा हिशेब होता. नवीन पद्धत २०१० पासूनची, २०१६ मध्ये परत सुधारलेली. हे सगळं बाईंनी सांगितलं तेव्हा पाच मिनिटं झाली असतील. सात वर्षांत मला कुणी पाच मिनिटं दिली नव्हती, म्हणून घड्याळ बघितलं.

मग म्हणाल्या, "अंगठा द्या."

त्यांच्या हातात एक यंत्र होतं. पंक्चरवाल्याकडे हवा मोजायचं असतं ना, तसली तबकडी आणि पुढं रबराचं टोक. ते माझ्या डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकवलं आणि सावकाश दाबत गेल्या. "दुखायला लागलं की थांबा म्हणा. सहन करून दाखवू नका, बक्षीस नाही." काटा दोनच्या थोडा पुढं गेला आणि मी थांबा म्हटलं. दोन किलो. मग त्यांनी मुलीला बोलावलं. ती १९ वर्षांची, मोबाइलमध्ये डोकं घालून उभी होती. तिच्या नखावर तेच टोक. दोन झाले, तीन झाले, ती माझ्याकडे बघतेय. चार झाल्यावर म्हणाली, "आता दुखायलंय." बाईंनी काटा तिला दाखवला. "आईला यातल्या अर्ध्यावर जेवढं दुखतं, तेवढं तुला आत्ता दुखलं. आई नाटक करत नाही."

मुलगी काही बोलली नाही. खाली उतरताना तिने माझी पिशवी घेतली. एरवी मागावी लागते.

हा काही बाईंचा स्वतःचा खेळ नाही. २००२ मध्ये अमेरिकेत ग्रेसली नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हेच केलं होतं, फक्त माणसं मेंदूचं काम टिपणाऱ्या एमआरआय यंत्रात झोपवून. १६ रुग्ण आणि १६ निरोगी माणसं. अंगठ्याच्या नखावर हलका दाब. दाब दोघांना सारखा दिला, तर रुग्णांच्या मेंदूत १३ जागा निरोग्यांपेक्षा जास्त जाग्या झाल्या, निरोग्यांच्या मेंदूत जास्त जागी झालेली जागा फक्त एक. आणि निरोग्यांचा दाब वाढवत नेऊन त्यांना रुग्णांइतकं दुखवलं, तेव्हा दोघांचे मेंदू जवळपास सारखेच पेटले. बाई बिचारी उगाच कुरकुरते असं असतं, तर तोंडाने "दुखतं" म्हटलं असतं आणि मेंदू गप्प राहिला असता. इथं मेंदूच साक्ष देतोय.

मी विचारलं, "म्हणजे माझा मेंदू बिघडलाय?" त्या म्हणाल्या, "दुखणं नेहमी मेंदूतच तयार होतं, पायात काटा मोडला तरी. तुमच्याकडे येणारा निरोप वाटेत मोठा होतोय." नसांमधून येणारा निरोप पाठीच्या कण्यात आणि मेंदूत वाढवला जातो. अशा रुग्णांच्या कण्याभोवतीच्या पाण्यात वेदनेचा निरोप पोचवणारं 'सबस्टन्स पी' नावाचं रसायन निरोग्यांच्या तिपटीपर्यंत सापडलंय, मेंदूच्या इन्सुला नावाच्या भागात ग्लुटामेट जास्त सापडलंय. हे एवढं माझ्या डोक्यावरून गेलं, खोटं कशाला बोलू. मी जरा वेळ गप्प बसले आणि मग मला आमची मशीन दिसली.

शिवणारणीला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. मशिनीवर धाग्याचं टेन्शन असतं, दोन चकत्यांमधून धागा जातो आणि बाहेर फिरवायचं बटण. ते जास्त आवळलं गेलं की कापड चुणतं, टाका आखडतो, धागा तटातट तुटतो. नवीन पोरगी असली की आधी कापडाला नावं ठेवते, मग सुई बदलते, मग धागा बदलते. सगळं नवंकोरं, तरी शिवण चुणलेलीच. कारण दोष कापडात नसतोच. मी बाईंना म्हटलं, "म्हणजे सात वर्षं आम्ही कापडाचे एमआरआय काढत होतो आणि टेन्शन आवळलेलं होतं." त्या हसल्या. नंतर वर्गात त्यांनी हे दुसऱ्यांना सांगताना मी ऐकलं. माझं नाव घेतलं नाही, पण असू दे.

बघा, पाच डॉक्टरांनी "टेन्शन घेऊ नका" म्हटलं, ते शब्दाने बरोबरच होतं. फक्त कुठलं टेन्शन ते त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसरी गोष्ट ब्रेकची. मेंदू नुसता दुखणं ऐकत नाही, वरून खाली निरोप पाठवून ते दाबतोही. लग्नाच्या गडबडीत हात भाजलेला संध्याकाळी कळतो, ते यामुळे. २००९ मध्ये स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेत दिसलं की फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांत, दुखत असताना, हे दाबायचं काम बघणारा मेंदूच्या पुढचा-आतला एक भाग निरोग्यांपेक्षा कमी जागा होतो. म्हणजे इकडे टेन्शन आवळलेलं आणि तिकडे ब्रेक घासलेला. तरीही मी सात सीझन काढले. सासूबाईंना हे सांगायचं राहिलंय.

मी लगेच म्हटलं, "मग माझ्या मेंदूचा काढा एमआरआय, पैसे आहेत." कारण कागद हातात असला की घरात बोलता येतं. बाईंनी साफ नाही म्हटलं. साध्या एमआरआयमध्ये यातलं काही दिसत नाही. त्या प्रयोगांतलं यंत्र काम करत असलेला मेंदू टिपतं, आणि तेही संशोधनापुरतं. अमेरिकेत कोलोराडोमध्ये २०१७ साली ३७ रुग्ण आणि ३५ निरोगी बायकांच्या मेंदूच्या नोंदी घेऊन कोण रुग्ण ते ९३ टक्के अचूक ओळखता आलं. त्यात नुसती वेदना नव्हती, उजेड, आवाज आणि साधा स्पर्श यांनाही मेंदू कसा उत्तर देतो ते धरलं होतं. तेव्हा मला माझी कुकरची शिट्टी आठवली. पण ही चाचणी दुकानात मिळत नाही. "कुणी देतो म्हणाला तर पैसे देऊ नका," असं त्यांनी दोनदा सांगितलं. डॉक्टरने तपासणी नको म्हणायची ही माझ्या फाइलीतली पहिली वेळ. यासाठी अख्खा एक गुण दिला.

बायकांनाच का, हे मी विचारलं. बाहेर बाकावर आम्ही अकरा जणी होतो आणि एक काका, तेही बायकोबरोबर आले असतील असं सगळ्यांना वाटलेलं. तेच रुग्ण निघाले. बाई म्हणाल्या, पूर्ण उत्तर कुणाकडेच नाही. पण जुन्या पद्धतीत बोटाने दाबून बघायचे, आणि दाब बायकांना तसाही लवकर लागतो, त्यामुळे बायका जास्त मोजल्या गेल्या आणि पुरुष सुटले. नवीन कागदाने मोजलं की तफावत कमी होते. काकांना विचारलं तर म्हणाले, "मला तर आठ वर्षं हार्टचंच बघायलेत."

फिजिओ मुलीचं आता. वयाने माझ्या मुलीपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी, आणि पहिला प्रश्न काय विचारावा? "काकू, तुमच्याकडं पाणी कितीला येतं?"

बाहेरगावच्यांना कळणार नाही. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतं, आणि वेळ त्याची. आमच्याकडे कधी रात्री दीड, कधी पहाटे साडेतीन. त्या रात्री मी झोपतच नव्हते, कान नळाकडे. मोटर लावायची, टाकी, दोन पिंप, कळशा. तिने मागच्या महिन्याच्या पाण्याच्या तारखा विचारल्या. कुणाला आठवतात? मला आठवत होत्या. मग सगळ्यात वाईट दुखलेले दिवस विचारले. कागदावर शेजारी-शेजारी लिहिलं. पाण्याची रात्र, आणि तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणका. पाचातल्या चार वेळा.

यालाही शास्त्र आहे. १९७५ मध्ये टोरांटोच्या मोल्डोफ्स्की नावाच्या डॉक्टरने निरोगी तरुण माणसांना झोपू दिलं, पण गाढ झोपेत गेली की आवाज करून ती झोप मोडायची, जागं न करता. काही रात्रींतच त्यांचं अंग दुखायला लागलं, दाबलं की जास्त. आणि नीट झोपू दिल्यावर थांबलं. आमच्यावर हा प्रयोग महापालिका फुकट करते.

उपाय साधा निघाला. पाणी आता मुलगा भरतो. त्यासाठी घरात दोन दिवस बोलणं झालं, तपशील नको. मी त्या रात्री मागच्या खोलीत, कानात कापूस. माझ्या निम्म्याअधिक सुधारणेचं श्रेय मी या एका प्रश्नाला देते, गोळीला नाही.

वर्गात आम्ही आठ जणी. तीन मराठी, तीन तेलुगू, दोन कन्नड, आणि फिजिओ मुलगी तिन्ही भाषांत भांडू शकते अशी. पहिल्या दिवशी तिने फळ्यावर लिहिलं, दुखणं कसं? आम्ही सुरू झालो. ठणका. कळ. चमक. उसण. रग. कणकण. ठुसठुस. चुरचुर. भगभग. मुंग्या. शिणवटा. एकीने 'आवळण' सांगितलं, ते माझ्या टेन्शनला बरोबर बसलं. तेलुगू बाया "नोप्पी" म्हणत होत्या, कन्नड "नोवू", आणि मग त्यांच्याकडचे प्रकार. फळा भरला. दवाखान्याच्या छापील कागदावर मात्र सौम्य, मध्यम, तीव्र एवढेच तीन रकाने. मी तो कागद भरताना दर आठवड्याला 'मध्यम' लिहायचे, कारण तीव्र म्हणायची लाज वाटते. फळ्यावर तशी लाज वाटली नाही. त्या मुलीने फळ्याचा फोटो काढून बाईंना पाठवला, आणि पुढच्या वेळी बाई मला विचारतात, "या आठवड्यात रग का ठणका?" रगेला त्या व्यायाम वाढवायच्या, ठणक्याला कमी करायच्या.

व्यायाम म्हणजे चालणं. २०१७ मध्ये युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने या आजाराचे सगळे उपाय तपासले, आणि जोरदार शिफारस फक्त व्यायामाची केली. मी म्हटलं, "मी दिवसभर घरात चालतेच की." ती म्हणाली, ते मोजायचं नाही. पहिल्या आठवड्यात चार मिनिटं. चारच. मला हसू आलं, चार मिनिटांत गल्ली संपते. पण अट अशी की बरं वाटलं तरी पाचवं मिनिट चालायचं नाही, आणि वाईट वाटलं तरी चार चुकवायची नाहीत. अवघड दुसरंच वाटेल तुम्हाला. मला पहिलं अवघड गेलं. संक्रांतीला नंदीध्वज बघायला गेले, बरं वाटत होतं, तशीच होम मैदानावर गड्ड्यात, म्हणजे संक्रांतीच्या जत्रेत, फिरले दोन तास, पाळण्याच्या कर्ण्याखाली उभं राहून भजी खाल्ली. पुढचे तीन दिवस अंथरुणात. फिजिओ मुलगी रागावली नाही, वहीत लिहून घेतलं, "गड्डा : ३ दिवस." आता हुतात्मा बागेत २५ मिनिटं चालते. किल्ल्याच्या भिंतीच्या बाजूने, सावली असते म्हणून. उन्हाळ्यात पहाटे सहाच्या आत, नंतर सोलापूरचं ऊन कुणाला ऐकत नाही.

गोळ्यांबद्दल लिहीत नाही फार, प्रत्येकीचं वेगळं आणि ते डॉक्टरनेच ठरवायचं. पण एक तक्रार आहे. मला पहिल्यांदा प्रीगाबालिन दिली. अमेरिकेत या आजारासाठी मंजुरी मिळालेलं ते पहिलं औषध, २००७ सालचं. चांगलं असेल. पण तिने चक्कर येते, झोप चढते, हे मला कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ओव्हरलॉकवर, म्हणजे कड कापत शिवणाऱ्या मशिनीवर, बसले आणि ब्लेड कुठं, बोट कुठं कळेना. नखावर निभावलं. बाईंना सांगितल्यावर त्यांनी चूक कबूल केली, "मशीन चालवता हे विचारायला हवं होतं," आणि औषध बदललं. आता रात्रीची बारीक गोळी आहे, तोंड कोरडं पडतं, पण झोप लागते. ज्या मशीनवर, गाडीवर, लूमवर काम करतात त्यांनी गोळी घ्यायच्या आधी आपला धंदा सांगा. कुणी विचारेल म्हणून थांबू नका. साध्या वेदनाशामक गोळ्या मी सात वर्षं शेंगा खाल्ल्यासारख्या खाल्ल्या. बाई म्हणाल्या, त्यांचा इथं फारसा उपयोग नाही, कारण त्या सुजेवर काम करतात आणि तुमच्याकडे सूज नाहीच. पोट मात्र खराब झालं, ते माझंच.

उरलेल्या तक्रारी पटकन सांगते, राहिलेला एक गुण यांतच गेला. वर्ग सकाळी अकराला, म्हणजे कामावर जाणाऱ्या बाईने खाडा केल्याशिवाय येता येत नाही. संध्याकाळची बॅच नाही. टॉवेलच्या कारखान्यातली एक जण चौथ्या आठवड्यानंतर आलीच नाही, आणि तिची रग आम्हा सगळ्यांत जास्त होती. व्यायामाची माहिती मोबाइलवर पाठवतात ती सगळी इंग्रजीत. आठ जणींत ती वाचणारी एक. मी मुलीकडून मराठीत लिहून घेतली आणि फोटो ग्रुपवर टाकला, तर दवाखान्याने तोच पुढच्या बॅचला दिला. वेळ दिलेली पाळत नाहीत. बाईंची गाडी लेट झाली की सगळा दिवस लेट, पण तसा फोन करून कळवायला काय जातं? बाथरूम वरच्या मजल्यावर, म्हणजे आणखी पायऱ्या.

पैसे : बाईंची पहिली फी ७००, नंतर ४००. वर्गाचे आठ आठवड्यांचे मिळून २,४००. चुंबकाच्या गादीच्या एका हप्त्यात बसलं असतं.

बरी झाले का, असं सगळ्या विचारतात. नाही. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की पूर्ण जाईल असं म्हणणार नाही. परवा त्याच यंत्राने माझा अंगठा परत मोजला, काटा तीनला जरासा कमी. महिन्यात वाईट दिवस १८-२० असायचे, आता सात-आठ. बांगड्या दोन-दोन घालते. ६२ नंतर ६३ येतं. मुलगी आता मागून येत नाही, समोरून येते आणि आधी विचारते, "आज कुठं दुखायलंय?" आणि तिथलं सोडून मिठी मारते.

सासूबाईंनी या सगळ्यात काही म्हटलं नव्हतं. गेल्या आठवड्यात मी काज करत बसले होते, तर शेजारी येऊन बसल्या. बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होत्या. मग आपला उजवा अंगठा पुढं केला. विड्या वळून त्याचं नख एका बाजूला झिजून चपटं झालंय. म्हणाल्या, "त्या पुण्याच्या डॉक्टरणीला विचार, हा दाबून बघती का." मी विचारलं, "कधीपासून दुखायलंय, आत्या?" तर म्हणाल्या, "तू लग्न होऊन आलीस त्याच्या आधीपासून."

येत्या पहिल्या गुरुवारचा नंबर लावलाय दोघींचा. २२ पायऱ्यांचं त्यांना अजून सांगितलेलं नाही.